हार्मची भुवई

एल्मरोडेत कुणाच्या व्यंगाकडे टक लावून बघणं असभ्य समजतात, पण हार्म टीट्येनच्या डाव्या कानाकडे सगळे बघत. त्या कानाची पाळी खालून चिरलेली होती आणि ती कधी जुळली नाही. आमच्या सुतारांच्या गावात अशा कानाचा एकच अर्थ होतो. सुतार डाव्या कानात सोन्याची बाळी घालतो. त्याच्या हातून धंद्याला काळिमा लागला, तर भरसभेत ती बाळी काढून घेतात. फासा उघडून नव्हे, ओढून. मग तो माणूस कुठल्याही गावात गेला तरी लोक आधी कान बघतात आणि मग नमस्कार करायचा की नाही ते ठरवतात.

हार्मचा कान चिरला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि त्यानं काहीही केलेलं नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. गावाला ते कळायला चाळीस वर्षं लागली, आणि गावाच्या अकलेवर विसंबून गोष्ट सांगायला बसलं तर गोष्टही तेवढीच लांबेल.

हार्मचा बाप दिर्क हाही सुतार, जुन्या वळणाचा. कागद नाही, आकडेमोड नाही. दोन खुंट्या आणि एक दोरी, बस्स. आमच्याकडची जुनी चर्चं आणि धान्याची कोठारं सगळी एकाच रीतीनं बांधलेली आहेत: खालची तुळई जेवढी, तेवढाच डावा वासा आणि तेवढाच उजवा. तुळईच्या दोन टोकांच्या जागी जमिनीत खुंट्या ठोकायच्या, दोरी बरोबर तुळईएवढी घ्यायची, एका खुंटीवरून एक कमान ओढायची, दुसरीवरून दुसरी. दोन्ही कमानी जिथं एकमेकींना कापतील तिथं छपराचं टोक. तिन्ही बाजू सारख्या झाल्या की तिन्ही कोपरे आपोआप साठ-साठ अंशांचे होतात, ते वेगळे मोजावे लागत नाहीत.

"एकच गोष्ट डोक्यात ठेव," दिर्क हार्मला सांगे. "टोकावरून ओळंबा सोडलास की मिळते ती उंची. उंची म्हणजे बाजू नव्हे. बाजू पंधरा असली तर उंची तेरा. दगड वरून पडला तर सरळ येतो, त्याला जवळची वाट. पाऊस वाशावरून घसरत येतो, त्याला लांबची. दगडाचं माप पावसाला लावशील तर भिजशील."

एकोणीसशे बारा साली गावच्या चर्चचं छप्पर नव्यानं घालायचं ठरलं. खालच्या तुळया ओकच्या, शेकडो वर्षांच्या, पण लोखंडासारख्या. त्या तशाच ठेवायच्या. वासे मात्र सगळे नवे, चव्वेचाळीस. काम ब्रामर मिस्त्रीकडे गेलं. हार्म तेव्हा ब्रामरकडेच कारागीर होता, त्यांच्याच स्वयंपाकघरात जेवत होता. म्हातारा ब्रामर गुडघ्यांनी अधू झालेला, म्हणून माप घ्यायला त्याचा मुलगा लुडोल्फ चढला. लुडोल्फ हार्मच्याच वयाचा, शहरातल्या बांधकामशाळेत दोन हिवाळे काढून आलेला. तो बोलायला लागला की आपण काही शिकलोच नाही असं समोरच्याला वाटावं, अशी त्याची बोलण्याची ढब.

आमच्या चर्चला लागून विटांचा मनोरा आहे. छप्पर जिथं मनोऱ्याच्या भिंतीला टेकतं, तिथं विटांमध्ये एक खोल खाच कोरलेली आहे. दोन तिरप्या रेघा दोन्हीकडून चढत येतात आणि वर टोकाला मिळतात. छपराची कड त्या खाचेत बसली की पाणी आत येत नाही. लुडोल्फनं त्या टोकापासून मेण चोळलेली मापाची दोरी सरळ खाली सोडली, तुळईपर्यंत. दहा मीटर चाळीस भरलं. तिथं गाठ मारली, गाठीला लाल चिंधी बांधली आणि नदीकाठच्या लाकडाच्या वखारीत हार्म काम करत होता तिथं दोरी आणून टाकली.

"ही वाशाची. काप."

हार्मनं दोरी हातात घेतली. "ही सरळ सोडलेली, की वाशाच्या उतारानं मोजलेली?"

"छप्पर कसं आहे ठाऊक आहे ना तुला? सगळं सारखं. मग दोन दोऱ्या कशाला?"

"एकदा खुंट्या ठोकून जमिनीवर आखून बघू या का? अर्ध्या दिवसाचं काम."

"खुंट्या तुझ्या बापाला ठोकू देत," लुडोल्फ म्हणाला. "मी शाळेत शिकून आलोय."

इथं कुणी म्हणेल की हार्मनं हट्ट धरायला हवा होता. म्हणणाऱ्यानं त्या काळी मिस्त्रीच्या मुलाशी हट्ट धरून दाखवायचा होता. हार्मनं कापले. चव्वेचाळीस वासे, प्रत्येक दहा मीटर चाळीस, टोकाला साठ अंशांच्या जुळणीचा काप.

वासे चढवले त्या दिवशी टोकं जुळेनात. खालची तुळई बारा मीटर आणि वासे दहा-चाळीस, मग जुळणार कसे? रुंदी गाठायची तर वाशांनी पाय फाकायला हवेत, आणि पाय फाकले की माथा खाली येणार. नोव्हेंबर उजाडला होता, वाळलेलं दुसरं लाकूड सगळ्या पंचक्रोशीत नव्हतं, बर्फ कधीही पडेल अशी हवा. शेवटी टोकं पुन्हा तासून छप्पर कसंबसं मिटवलं. ते मनोऱ्यावरच्या खाचेच्या दोन मीटर खाली राहिलं. बसक्या छपरावर ती रिकामी खाच उभी राहिली, कुणी तरी गावाकडे बघून भुवई उंचावावी तशी.

सुतारसभा भरली. लुडोल्फनं टेबलावर एक नाही, दोन दोऱ्या ठेवल्या.

"मी दोन दिल्या होत्या," तो म्हणाला. "लाल चिंधीची उंचीची, पांढऱ्या चिंधीची वाशाची. यानं लाल उचलली आणि त्यावर कापत सुटला."

"खोटं!" हार्म ओरडला. "एकच दिलीस! वर म्हणालास, दोन कशाला!"

म्हाताऱ्या ब्रामरनं आधी मुलाकडे पाहिलं, मग हार्मकडे. त्याला कळलं होतं. चाळीस वर्षं छपरं घातलेल्या माणसाला न कळायला काय झालं? पण घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात ते खोटं नाही. म्हातारा घसा खाकरून शेजारच्या सुताराला म्हणाला, "एलर्स, तू त्याचे खांदे धर. लुडोल्फ, बाळी तू काढ."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि दोर ओढायला पुन्हा चोरच. लुडोल्फनं बाळीत बोट अडकवलं आणि खाली झटका दिला. त्या वेळी लुडोल्फचा चेहरा हार्मच्या इतका जवळ होता की त्याच्या श्वासाला येणारा कांद्याचा वास हार्मला मरेपर्यंत आठवला. पुढं घरात कच्चा कांदा चिरलेला त्याला चालत नसे.

त्या संध्याकाळी दिर्कनं स्वतःच्या कानातली बाळी काढली आणि खणात ठेवून दिली. मुलाला काही बोलला नाही. पुढं सात वर्षं, महायुद्धाची सोडली तर, बाप-लेक एका टेबलावर वाटाण्याचं सार आणि काळा पाव खात बसले, पण 'तुझ्याकडून झालं का रे ते?' एवढा एक प्रश्न बापानं विचारला नाही. विचारला असता तर हार्मनं सांगितलं असतं. आपणहून सांगायला गेलं की माणूस खोटा वाटतो, म्हणून तोही मूग गिळून बसला. एकोणीसशे एकोणीसमध्ये दिर्क वारला, आपल्या मुलाला उंची आणि बाजू यांतला फरक कळत नाही असं समजून वारला. कान गेला त्याचं हार्मला एवढं नव्हतं. याचं होतं.

गावानं त्या रिकाम्या खाचेचं नाव ठेवलं, हार्मची भुवई. नाव ठेवताना गावाला कधी श्रम पडत नाहीत. "हार्मच्या भुवईवर ढग आलाय गं, वाळत घातलेलं काढ," असं बायका एकमेकींना ओरडून सांगत. "भुवईच्या खाली घर आहे त्याचं," असा परगावच्या माणसाला पत्ता सांगत. हार्मची मुलगी आन्टये एकदा शाळेतून रडत आली; तिला गावाचा नकाशा काढायला सांगितला होता आणि बाईंनीच फळ्यावर ते नाव लिहिलं होतं.

हार्म बापाला घेऊन दोन कोसांवरच्या वाडीत जाऊन राहिला. चर्च नाही, कोठार नाही. डुकरांची खुराडी, कुंपणाची फाटकं, शवपेट्या, हीच त्याला मिळणारी कामं. खुराड्याचं छप्परही तो तुळईएवढ्या वाशांचं, साठ अंशांचं घाली. एक शेतकरी म्हणाला, "अरे, डुकरांना एवढं कशाला?" हार्म म्हणाला, "डुकरांना कळतं." त्याची बायको गेशे ही एकच व्यक्ती त्याच्या घरात मोकळेपणानं बोलायची. लग्नाआधी तिनं त्याचा कान नीट बघून घेतला होता आणि विचारलं होतं, "तू केलंस?" तो नाही म्हणाला. "बरं," ती म्हणाली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

पहिल्या महायुद्धात हार्म आणि लुडोल्फ दोघंही गेले. लुडोल्फ तिकडेच मरावा असं हार्मनं आधी मनापासून इच्छिलं. मग एके दिवशी खंदकात बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं की हा मेला तर आपल्या हाती काहीच उरत नाही. तेव्हापासून तो रोज लुडोल्फच्या जिवासाठी प्रार्थना करू लागला. आमच्या गावात एवढ्या कळकळीनं दुसऱ्या कुणासाठी कुणी प्रार्थना केली नसेल. ती पावली. लुडोल्फ परत आला, मिस्त्री झाला, जाडजूड झाला, सुतारसंघाचा प्रमुख झाला. कानातली बाळीही त्यानं मोठी करून घेतली.

पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये तोफांच्या माऱ्यात चर्चचं छप्पर पेटलं. हार्म बटाट्याच्या शेतात उभा राहून बघत होता. "जळू दे," तो म्हणाला. गेशेनं त्याच्या दंडाला धरून त्याला घरात नेलं. छप्पर जळून गेलं, तुळया काळ्या पडल्या पण टिकल्या, मनोराही टिकला, आणि मनोऱ्यावर खाच होती तशीच राहिली. छप्पर गेलं तरी नाव गेलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो गावाचाही नाही आणि हार्मचाही नाही.

सात वर्षं चर्चवर पत्रे होते. बावन्न साली नवे पाद्री आले, होल्शर नावाचे, युद्धामुळे पूर्वेकडून घरदार सोडून आलेले. गावातलं जुनं राजकारण त्यांना ठाऊक नव्हतं, तेवढाच त्यांचा गुण. छप्पर पुन्हा जुन्या पद्धतीचं, खाचेत बसणारं हवं असं त्यांनी धरलं. ब्रामरच्या कारखान्यातले तरुण सुतार खिळे आणि पट्ट्या यांवर शिकलेले. असलं उभट छप्पर कुणीच घातलेलं नव्हतं. सुतारसंघातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं, एलर्सनं, त्यांना हार्मचं नाव सांगितलं. हाच एलर्स, ज्यानं चाळीस वर्षांपूर्वी हार्मचे खांदे धरले होते. का सांगितलं ते त्यानं तेव्हा सांगितलं नाही.

पाद्री सायकलवरून वाडीत आले. गेशेनं कॉफी दिली.

"तुम्हाला जमेल का टीट्येनदादा?" त्यांनी विचारलं.

"जमेल. पण माझा कान बघितलात ना? अशा कानाच्या माणसाला माप घ्यायचा हक्क नसतो. माप संघाच्या प्रमुखानं द्यायचं. ब्रामर मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं दोरीला गाठ मारून द्यावी, तुमच्यासमोर आणि एलर्ससमोर. मी कापीन."

"एवढंच?"

"आणखी एक. आढं चढवायच्या दिवशी वर उभं राहून बोलायचं ते मी बोलणार."

पाद्री आनंदानं हो म्हणाले. त्यांना वाटलं, केवढा नम्र माणूस! ते गेल्यावर गेशे भांडी आवरता आवरता म्हणाली, "माप तर तुला झोपेत सांगता येईल. मग त्याच्याकडून कशाला?"

हार्म करवतीला धार लावायला बसला.

"अजून जळतंय ना?" ती म्हणाली. "जळू दे. पण एक सांगते, बोलायचं असेल तर सगळं बोल. अर्धवट बोलून घरी येऊ नकोस. उरलेलं मला ऐकवत बसशील."

ठरल्या दिवशी लुडोल्फ धापा टाकत मनोऱ्यात चढला. काळी जाड सुरवार, चांदीच्या बटणांचं जाकीट, रुंद टोपी, सगळा थाट. हार्मला बघून हसला.

"काय हार्म, खाल्ल्या घरचे वासे मोजायची खोड गेली का?"

"मोजण्यासाठी तर तुम्हाला बोलावलंय, मिस्त्री," हार्म म्हणाला.

चाळीस वर्षं हार्मनं एकाच गोष्टीचा विचार केला होता: लुडोल्फला ते माप तेव्हा चुकून चुकलं आणि नंतर त्यानं खोटं सांगितलं, हे खरं. पण नंतर तरी तो शिकला असेल का? हार्मचा अंदाज होता की नसेल. ज्याला आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारता आली, तो ती सुधारायला कशाला बसेल? आणि एक खोटं चाळीस वर्षं सांगितलं की सांगणाऱ्यालाच ते खरं वाटू लागतं: माप बरोबरच होतं, कापणारा चुकला. अंदाज चुकला असता, तर हार्मच्या हाती फक्त एक छप्पर राहिलं असतं.

लुडोल्फनं खाचेच्या टोकापासून मेणाची दोरी सरळ खाली सोडली. खाली तुळईपाशी पाद्री उभे होते; त्यांनी दोरी ताणून धरली आणि जागा खुणावली. लुडोल्फनं दोरी वर ओढून घेतली, तिथं गाठ मारली, गाठीला लाल चिंधी बांधली आणि लाकडाच्या चकतीवर आपली सही करून ती चकती अडकवली.

"घे. वाशाचं माप."

हार्मनं चकतीवरची सही वाचली. "ही एकच, मिस्त्री? उंचीची वेगळी नाही?"

"वेगळी कशाला?" लुडोल्फ पाद्रींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. "सगळं सारखं असतं या छपरात. मग दोन दोऱ्या कशाला?"

जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एलर्सनं मान वर केली. हे शब्द त्यानं भरसभेत हार्मच्या तोंडून ऐकले होते. लुडोल्फच्या काही ध्यानात आलं नाही. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

हार्मनं दोरी गुंडाळून घरी नेली आणि खणात बापाच्या बाळीशेजारी ठेवली. मग वाडीमागच्या कुरणात गेला, बारा मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकल्या, स्वतःची दोरी बारा मीटर घेतली आणि गवतावर दोन कमानी ओढल्या. त्या जिथं एकमेकींना कापल्या तिथं तो गुडघ्यावर बसला. तिथून तुळईच्या मध्यापर्यंत मोजलं: दहा चाळीसला जेमतेम एक सेंटिमीटर कमी. पंधराला तेरा. बापाचं बरोबर होतं, नेहमीप्रमाणे. हार्मनं टोपी काढली. मग उठून कापायला लागला. उन्हाळाभर तो आणि दोन कारागीर कापत होते. लुडोल्फ एकदाही फिरकला नाही, प्रमुख माणसं कुरणात येत नाहीत.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आढं चढलं. सगळं गाव खाली जमलं. छपराची कड खाचेत अशी बसली की मधे नखही शिरलं नसतं. रिकामी खाच नाही, भुवई नाही. लुडोल्फ घोळक्यात उभा राहून टोपी हलवत होता. "माझ्या मापाचं," तो डावीउजवीकडे सांगत होता. "माप मी दिलंय."

हार्म वर चढला. बासष्ट वर्षांचा माणूस, पण वाशावरून मांजरासारखा गेला. हातात दारूचा पेला, खांद्यावर फरच्या डहाळ्यांचं कडं. आमच्याकडे रीत आहे: आढ्यावरच्या माणसाला खालच्यानं अडवायचं नाही, आणि त्यानं काही विचारलं तर खरं उत्तर द्यायचं. ते मोडलं तर छप्पर घराला लाभत नाही म्हणतात. लाभो न लाभो, आजवर कुणी मोडलेलं नाही.

हार्मनं कडं बांधलं, देवाचे आभार मानले, पाद्रींचे मानले, लाकूडतोड्यांचे मानले. मग म्हणाला, "हे छप्पर ब्रामर मिस्त्रींच्या मापाचं आहे असं ऐकतोय. ते माप माझ्यापाशी आहे. सहीनिशी."

त्यानं खिशातून दोरी काढली, एक टोक आढ्यावर खिळ्यानं ठोकलं आणि दोरी वाशावरून खाली सोडली. लाल चिंधी उतारावरून घसरत आली आणि थांबली. वाशाच्या पायथ्यापासून चांगली उंचापुऱ्या बाईएवढी जागा रिकामी राहिली. गावातला प्रत्येक माणूस ती बघत होता. सुतार नसलेल्यालाही समजावं एवढं ते साधं होतं.

"पाद्रीबाबा," हार्मनं वरून हाक दिली, "मिस्त्रींनी मला दोऱ्या किती दिल्या?"

"एकच," पाद्री म्हणाले.

"मी दुसरी मागितली तेव्हा काय म्हणाले?"

"सगळं सारखं असतं. मग दोन कशाला, असं म्हणाले."

"बारा सालीही हेच म्हणाले होते," हार्म म्हणाला. "शब्दन् शब्द. या मापावर मी तेव्हा कापलं आणि माझा कान गेला. या वेळी बापाच्या मापावर कापलं. बघून घ्या कुठलं बसलंय."

लुडोल्फ लालबुंद झाला. "अरे, चूक कुणाची होत नाही? चाळीस वर्षांनी—"

"मिस्त्री, आढ्यावरच्याला अडवायचं नाही," गर्दीतून एलर्स म्हणाला. मग तो वर बघून म्हणाला, "हार्म, ती दुसरी दोरी, पांढऱ्या चिंधीची. ती कोरी होती रे. तिला मेणही लागलेलं नव्हतं. मला सभेतच दिसलं होतं."

हार्म एवढा वेळ शांत होता, तो या वाक्यानं भडकला. "दिसलं होतं? दिसलं होतं आणि माझे खांदे धरलेस? माझा बाप सात वर्षं माझ्यासमोर बसून जेवला, एलर्स! त्याला सांगायला तुला दोन कोस चालवलं नाही?"

एलर्स खाली मान घालून रडायला लागला. हार्मला त्याची अजिबात दया आली नाही, आणि यायला हवी होती असं मलाही वाटत नाही. त्यानं पेला एका घोटात रिकामा केला आणि खाली दगडावर फेकला. पेला फुटला. दोरी मात्र त्यानं काढली नाही. ती वाशावर तशीच लोंबत राहिली. पुढं कौलं चढली तेव्हा कौलं बसवणाऱ्यांनी ती कापायची की ठेवायची ते विचारलं. पाद्री म्हणाले, ठेवा. आजही ती आत, त्याच वाशाला आहे.

जेवण चर्चच्या आवारातच होतं, लांब टेबलं मांडून. सार, भाजलेलं मांस, बटाटे. लुडोल्फ निघून जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण निघून जाणारा सुतार म्हणजे कबूल झालेला सुतार. तो टेबलाच्या मानाच्या जागी बसला, आणि कुणीच त्याच्याशी बोलेना. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. शेवटी तो उठला, हार्मसमोर येऊन उभा राहिला. सगळे सुतार बघत होते. त्यानं दोन्ही हात कानाशी नेले, बाळीचा फासा उघडला, बाळी काढली आणि हार्मच्या ताटाशेजारी ठेवली.

"झालं?" तो म्हणाला. "मिटलं आता?"

हार्मनं बाळीकडे पाहिलं. गेशेनं हातातला चमचा खाली ठेवला.

"लुडोल्फ," हार्म म्हणाला. चाळीस वर्षांत त्यानं पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली. "ती अशी निघत नसते. परत घाल."

"हार्म, अरे, मी म्हातारा—"

"परत घाल. काढायची तेव्हा मी येऊन काढीन."

लुडोल्फनं आजूबाजूला बघितलं. कुणीही मधे पडलं नाही. त्यानं बाळी पुन्हा कानात घातली; फासा लागायला वेळ लागला. हार्मनं सार संपवलं आणि पाव मागून घेतला.

त्यानंतर हार्म आठ वर्षं जगला. पुन्हा चर्चं बांधली, दोन कोठारं घातली. संघानं त्याला नवी बाळी देऊ केली. तो म्हणाला, "कुठं घालू?" आणि चिरलेली पाळी दोन बोटांत धरून दाखवली. बापाची बाळी त्यानं आन्टयेला दिली.

तो लुडोल्फकडे कधीही गेला नाही. पण गावात येई. दर शनिवारी बाजारात, दर रविवारी चर्चमध्ये, कधी नुसताच रस्त्यानं. आणि तो दिसला की लुडोल्फ ब्रामर, सुतारसंघाचा माजी प्रमुख, सत्तरी गाठलेला जाडजूड माणूस, हातातलं असेल ते टाकून डावा कान हातानं झाकून घेई. दुकानात असला तर दुकानात, प्रार्थनेत असला तर प्रार्थनेत. हार्म टोपीला हात लावून "नमस्कार, मिस्त्री," म्हणे आणि पुढं जाई. आमच्या पोरांनी त्या कानाचं काय नाव ठेवलं असेल ते सांगायला नको.

साठ सालच्या मार्चमध्ये हार्म झोपेतच गेला. लुडोल्फ अंत्यविधीला आला. थंडी होती, तरी तो शेवटपर्यंत कबरीपाशी उभा राहिला, डावा हात कानावर. पेटी खाली गेली, पाद्रींनी प्रार्थना म्हटली, सुतारांनी एकेक मूठ माती टाकली. मग फावडी चालू झाली. खड्डा पुरता भरून माती वरून थापटली गेली, तेव्हा कुठं लुडोल्फनं हात खाली घेतला.

गेशे समोरच होती. ती म्हणाली, "बाळी असू दे हं, मिस्त्री. ती कशी काढायची ते आन्टयेच्या मुलालाही माहीत आहे."

लुडोल्फचा हात पुन्हा वर गेला.